संपादकांची खासगी किल्ली

सोमवारी सकाळी तो मेल आला तेव्हा ओग्न्यान चीज भरलेली बानित्सा खात होता आणि तिचे तेलकट पापुद्रे की-बोर्डावर सांडत होते.

"बिल्याना, बघ गं जरा. उघडत नाहीये."

ओग्न्यान आमचा संपादक. रूसे शहरात बंदराजवळ, एका दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. तिथून आम्ही एक छोटं बातमीपत्र चालवतो, छापील थोडं आणि इंटरनेटवर जास्त. ओग्न्यान बातम्या आणतो, मी त्या तपासते. शिवाय संगणकाचं जे काही बिघडेल ते माझ्याच गळ्यात पडतं, आणि ओग्न्यानच्या हाती संगणक आहे म्हटल्यावर काही ना काही रोजच बिघडतं.

मी उठून गेले. पडद्यावर अक्षरांचा नुसता चिखल होता. कुलूपबंद निरोप असाच दिसतो. फक्त विषयाची ओळ उघडी राहते, आणि त्या ओळीत लिहिलं होतं: "कामेनब्रोद. पुन्हा पाठवणं जमणार नाही."

ते वाचून माझी झोपच उडाली. कामेनब्रोदला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा कारखाना आहे, आणि त्याच्या भिंतीला लागून बालवाडी. मालकाला कारखाना दुप्पट करायचा होता. त्यासाठी गुरुवारी जनसुनावणी होती. आवारातल्या मातीत शिसं किती, हवेत किती, हे आम्ही वर्षभर विचारत होतो आणि वर्षभर एकच ओळ परत येत होती: सर्व काही मर्यादेत आहे. आता आतल्याच कुणीतरी काहीतरी पाठवलं होतं.

"मग उघड ना," ओग्न्यान म्हणाला.

"मी कशी उघडू? तुझ्या किल्लीनं बंद केलंय."

"माझी किल्ली याच यंत्रात आहे की. तूच ठेवलीस."

"कुठली तुझी किल्ली, ओग्न्यान? कुठली?"

तो की-बोर्डावरचे पापुद्रे झटकू लागला. हे आमचं जुनं दुखणं होतं.

या प्रकरणात प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. एक जाहीर, एक खासगी. जाहीर किल्ली सगळ्या जगाला वाटून टाकायची. तिनं कुणीही तुमच्यासाठी निरोप बंद करू शकतो, पण उघडू शकत नाही. उघडायची ती जोडीच्या खासगी किल्लीनं, आणि ती फक्त तुमच्याकडे. जाहीर किल्ल्यांचा सगळा जुडगा प्रोग्राम एका ठिकाणी ठेवतो: तुमची, माझी, सोफियातल्या मित्रांची, सगळ्यांची. खासगी किल्ल्या तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि वर त्यांना पासवर्डचं कुलूप घालतो. माझ्या आईला मी हे कणकेचे हात धुता धुता समजावलं आणि तिला कळलं. ओग्न्यानला मी सात-आठ वर्षं समजावतेय.

मी जुडगा उघडला. ओग्न्यानच्या नावानं पाच जाहीर किल्ल्या होत्या. पाच! एकाखाली एक, तेच नाव, तोच मेलचा पत्ता.

"ही कशाला केली होतीस?"

"पासवर्ड विसरलो होतो."

"आणि ही?"

"लॅपटॉप बदलला."

"आणि ही?"

"ती... तू समुद्रावर गेली होतीस ना, रजेवर? यंत्र काहीतरी विचारत होतं. मी 'हो' म्हणत गेलो."

मी कपाळाला हात लावला. 'हो' म्हणत गेला आणि नवी किल्ली जगभरच्या सर्व्हरवर जाऊन बसली. तिथून ती पुसता येत नाही. रद्द झाल्याचा शिक्का मारता येतो, पण तो मारायलासुद्धा तिची खासगी किल्ली लागते, आणि याच्याकडे पाचांपैकी एकाचीच खासगी किल्ली जिवंत होती. बाकी चार दारं रस्त्यावर उभी, वर ओग्न्यानच्या नावाची पाटी, आणि आत जायला कुणाकडेच किल्ली नाही.

मेल कुठल्या किल्लीनं बंद केलाय ते प्रोग्राम सांगतो. मी पाहिलं. दुसरी, जुनी.

"एवढ्या सोडून नेमकी हीच का घ्यावी त्यानं?" ओग्न्यान वैतागला. "मूर्ख आहे का माणूस?"

"मूर्ख तू आहेस," मी म्हणाले. त्या किल्लीवर पानभर सह्या होत्या. काही वर्षांपूर्वी सोफियात पत्रकारांची बैठक भरली होती. एकमेकांचे पासपोर्ट बघून, किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरांची लांब ओळ, अक्षर न् अक्षर वाचून आम्ही एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या केल्या होत्या, की हो, ही याचीच. नंतरच्या किल्ल्यांवर कुणाचीच सही नव्हती. पाच किल्ल्या बघून तो माणूस गोंधळला असेल, आणि मग ज्या किल्लीची सर्वांत जास्त लोक हमी देतात ती त्यानं निवडली. हेच करा, असं मीच आमच्या पानावर लिहिलं होतं. त्या माणसाचं काहीही चुकलं नव्हतं.

"उत्तर पाठव त्याला. म्हणावं, दुसऱ्या किल्लीनं पाठव."

"पाठवलं. पत्ता बंद केलाय त्यानं. परत आलं."

ओग्न्यान उठून खिडकीशी गेला. खालून दाताच्या यंत्राची घूं घूं येत होती.

"ही किल्ली केली तेव्हा तुझ्याकडे कुठला लॅपटॉप होता?" मी विचारलं.

तारीख बघून त्यानं डोकं खाजवलं. "तेव्हा मी वेनेताकडे होतो."

वेनेता त्याची बायको. म्हणजे तेव्हाची. चार वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले. "पण तो लॅपटॉप सोडताना मी सगळं काढून घेतलं होतं," तो म्हणाला. "सगळं! फोटो, लेख, गाणी, अगदी तिच्या मांजराचे व्हिडिओसुद्धा."

"किल्ल्यांचा फोल्डर?"

"दिसला असता तर घेतला असता."

तो दिसत नाही. त्याच्या नावाआधी टिंब असतं आणि टिंबवाले फोल्डर लपलेले असतात, म्हणजे चुकून कुणी खोडू नये. मांजर घेऊन आला आणि किल्ली ठेवून आला.

ओग्न्यान म्हणाला, फोन तू कर. मी केला. वेनेता रसायनशास्त्र शिकवते. मागे पोरांचा गलका चालला होता.

"तो खोका? बाबांना दिला मी. गावाला. आणि त्याला सांग, त्याचे स्कीचे बूट अजून माझ्या बाल्कनीत कुजतायत."

"सांगते."

"आणि बाबांकडे जायचं असेल तर स्वतः जा म्हणावं. तुला पुढे करू नये."

मंगळवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. गाव जवळ आलं तसं तो म्हणाला, "मी गाडीत थांबतो. तू जाऊन घेऊन ये."

"पासवर्ड मला माहीत आहे का?"

"नाही."

"मग उतर."

सप्टेंबर होता. अख्ख्या गावात भाजलेल्या मिरच्यांचा वास भरला होता. वेनेताचे वडील, दोब्रीकाका, अंगणातच होते. वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर जनावरांची डॉक्टरकी केलेला माणूस. एका हातानं मिरच्या भाजायचं पिंप आगीवर फिरवत होते, आणि शेजारच्या स्टुलावर तो लॅपटॉप उघडा होता. त्यावर ताब्ल्याचा, म्हणजे फासे आणि सोंगट्यांच्या खेळाचा, डाव चालला होता.

त्यांनी आधी मला पाहिलं, मग ओग्न्यानला.

"या जावईबापू," ते म्हणाले. "वाट चुकलात का?"

"नमस्कार, दोब्री साहेब," ओग्न्यान म्हणाला.

"साहेब! बघ हां." म्हातारा माझ्याकडे वळला. "बारा वर्षं 'बाबा, बाबा' करत माझ्या घरची रकिया दारू प्याला. आता साहेब."

मी मध्ये पडले. काय झालंय, मेल कुठून आलाय, गुरुवारी काय आहे, सगळं सांगितलं. "काका, त्या लॅपटॉपात एक फोल्डर आहे. तेवढा कॉपी करून घेते. पाच मिनिटं."

"डाव संपू दे."

"काका, तिथे लहान मुलं..."

"इंटरनेटवर समोर वार्ना बंदराचा कप्तान आहे. मध्येच उठलो तर हरलो असं धरतं हे यंत्र. त्याला महिनाभर मिशीत हसू देऊ?"

आम्ही उभे राहिलो. पिंप गरगरत होतं. फासे पडत होते. कप्तान प्रत्येक चालीला इतका विचार करत होता की समुद्रावर त्याच्या जहाजांचं काय झालं असेल देव जाणे. ओग्न्यान माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "मुद्दाम करतोय." मी त्याला कोपर मारलं.

शेवटी म्हातारा जिंकला. लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "घे. तसा स्वच्छ आहे. गेल्याच महिन्यात साफ केला."

मी लॅपटॉप ओढून घेतला. "साफ केला म्हणजे? कुणाकडून? आतलं सगळं पुसलं?"

"आतलं कसं पुसणार? वरून. रकियात कापूस भिजवून. लुतेनित्साची चटणी सांडून अक्षरं चिकटली होती."

ओग्न्यान पायरीवर मटकन बसला.

मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, आणि पडद्यावर ओग्न्यानचा फोटो आला. बारीक, केस भरपूर, खाली लिहिलेलं: स्वागत असो, ओग्न्यान. म्हाताऱ्यानं नवीन खातं केलंच नव्हतं. त्यामुळेच तो फोल्डर जागच्या जागी राहिला होता.

"हे असंच येतं रोज?" ओग्न्याननं विचारलं.

"रोज. सकाळी तोंड धुवायच्या आत तुझं थोबाड. कॉफीसुद्धा गोड लागत नाही."

"बदलायचं ना मग."

"कसं बदलतात ते मला काय ठाऊक? दाखवायला येतंय कोण?" पिंपाचा दांडा सोडून म्हातारा सरळ उभा राहिला. "तुम्ही दोघं भांडलात. ठीक. कागदावर सह्या केल्यात. ठीक. घटस्फोट तिच्याशी झाला ना? माझ्याशी कधी झाला? मी कुठल्या कागदावर सही केली?"

ओग्न्यानचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुम्हाला मी नको असेन."

"वाटलं! फोन करून विचारायचं नाही. वाटलं! आणि हा म्हणे बातम्या लिहितो."

मी लपलेले फोल्डर दाखव असं यंत्राला सांगितलं. टिंबवाला फोल्डर होता. आत खासगी किल्ल्यांची जागा, त्यात एक फाइल, तीच. मी ती माझ्या लॅपटॉपवर घेतली, मेल समोर आणला आणि यंत्र ओग्न्यानपुढे ठेवलं. "पासवर्ड टाक."

"यात माझा काय गोंधळ व्हायचा नाही," तो म्हणाला. "हे वाक्य मी विसरूच शकत नाही."

त्यानं टाईप केलं. पडद्यावर ठिपके उमटले. चुकीचा पासवर्ड.

पुन्हा. चुकीचा.

"सावकाश कर," मी म्हणाले.

त्यानं एकेक अक्षर दाबलं. नजर पडद्यावर, बोटं आपोआप. चुकीचा.

"शेवटी टिंब होतं का? पहिलं अक्षर मोठं?"

"टिंब नव्हतं! सांगतोय ना, हेच आहे!"

"मग उघडत का नाही?"

"तुझं यंत्र फालतू आहे!"

"माझं यंत्र फालतू? पाच किल्ल्या कुणी केल्या? मांजराचे व्हिडिओ कुणी आणले?"

"ओरडू नकोस माझ्यावर!"

"जरा हळू," म्हातारा म्हणाला, "कोंबड्या अंडी देणार नाहीत."

मी विहिरीपर्यंत चालत गेले आणि परत आले. असली वेळ आली की उपाय एकच असतो: काय टाईप होतंय ते डोळ्यांनी बघणं. मी एक कोरं पान उघडलं. "इथे लिही. उघड्यावर."

"नाही."

"ओग्न्यान."

"पासवर्ड कुणालाही दाखवायचा नाही. तूच सांगितलंस."

मी सांगितलेल्या शंभर गोष्टींपैकी यानं एवढीच पाळली होती, आणि ती नेमकी आज. "मी पाठ फिरवते. लिही."

मी पाठ फिरवली. मागे टकटक ऐकू आली. मग ओग्न्यान म्हणाला, "हे काय लिहितंय तुझं यंत्र? ही कुठली भाषा?"

मी वळले. पानावर अक्षरं होती, पण शब्द एकही नव्हता. आणि त्या क्षणी मला कळलं, आणि इतकी चीड आली की हसूच फुटलं. ओग्न्यान टाईप करायला शिकला तो जुन्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, टाईपरायटरवर. त्याची बोटं आजही त्याच जागी पडतात, आणि त्याच्या प्रत्येक लॅपटॉपवर की-बोर्डाची तीच जुनी मांडणी असते. माझी पिढी ती कधी शिकलीच नाही. आमच्याकडे आमच्या लिपीतली अक्षरं उच्चाराप्रमाणे लॅटिन बटणांवर बसवलेली असतात. तो बरोबरच वाक्य लिहीत होता. माझं यंत्र प्रत्येक बटणाला दुसरंच अक्षर देत होतं, आणि ठिपक्यांखाली ते कुणाला दिसत नव्हतं.

मी मांडणी बदलली. "आता लिही. आधी त्या पानावरच, म्हणजे खात्री होईल."

मी पुन्हा पाठ फिरवली. दोब्रीकाकांनी फिरवली नाही. त्यांना कुणी तसं सांगितलंच नव्हतं. ओग्न्याननं लिहिलं, म्हाताऱ्यानं चष्मा सरकवून त्याच्या खांद्यावरून वाचलं. ते वाक्य काय होतं मला आजही माहीत नाही. एवढं दिसलं, की ते वाचून म्हातारा घरात गेला आणि आतून ताटल्यांचा आवाज यायला लागला.

"आता हाही पासवर्ड बदलावा लागणार," मी म्हणाले.

"गप बस, बिल्याना," ओग्न्यान म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

मेल उघडला. पन्नासेक पानं होती: मातीची मोजणी, धुळीची मोजणी, तारखा, कारखान्याच्याच प्रयोगशाळेचे शिक्के. बालवाडीच्या घसरगुंडीखालच्या मातीतलं शिसं मर्यादेच्या कितीतरी पट होतं, आणि पुढे हातानं लिहिलेला शेरा: बाहेर देऊ नये. ओग्न्याननं दोनदा वाचलं. मग तो उठला आणि विझत आलेल्या पिंपाचा दांडा धरून उगाच फिरवत राहिला.

म्हातारा ताट घेऊन आला. पाव, चीज, सोललेल्या गरम मिरच्या. "आधी खा. आणि तू, माझ्या यंत्रावरून तो फोटो काढ."

"काढतो, बाबा," ओग्न्यान म्हणाला.

म्हाताऱ्यानं ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. "राहू दे आत्ता," तो म्हणाला. "डाव लावायचाय. पुढच्या वेळी आलास की काढ."

बुधवारी दिवसभर आम्ही आकडे तपासले. विद्यापीठातल्या एका बाईंना फोन करून मोजणीची पद्धत समजून घेतली, कारखान्याला प्रश्न पाठवले. उत्तर आलं: सर्व काही मर्यादेत आहे. संध्याकाळी बातमी लावली. गुरुवारी कामेनब्रोदच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. कारखान्याचा वकील म्हणाला, कागद बनावट आहेत; आणि मग ओग्न्यानकडे बोट दाखवून म्हणाला, कुणी दिले ते सांगा.

"मला माहीत नाही," ओग्न्यान म्हणाला. ते अक्षरशः खरं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या किल्ल्यांच्या भानगडीबद्दल बरं वाटलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक आई उठली आणि तिनं घसरगुंडीखालचा आकडा मोठ्यानं वाचला. मग दुसरीनं. वकिलाचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. विस्ताराची परवानगी थांबली. नंतर सरकारी तपासनीस आले, स्वतःची मोजणी केली, आणि ती फार वेगळी निघाली नाही. बालवाडी दुसऱ्या इमारतीत गेली, मुलांचं रक्त तपासलं गेलं. कारखाना अजून चालू आहे. खटलाही चालू आहे.

त्यानंतर मी ओग्न्यानला बसवून जुडगा आवरायला घेतला. मिळालेल्या त्या किल्लीवर रद्दचा शिक्का मारला. उरलेल्या तिघींना काही करता येईना. त्यांच्या खासगी किल्ल्या कुठे गेल्या ते त्यालाही आठवत नव्हतं.

"म्हणजे त्या तशाच राहणार? मी मेल्यावरही?"

"तू मेल्यावरही. आणि लोक तुला निरोप पाठवत राहतील."

"वाचणार कोण?"

"कुणी नाही, ओग्न्यान! तेच तर सांगतेय मी इतकी वर्षं!"

जिवंत किल्लीचा ठसा आम्ही छापील अंकाच्या पहिल्या पानावर टाकला. नोव्हेंबरात त्या किल्लीनं बंद केलेला एक छोटा मेल आला. नाव नव्हतं, पत्ता अनोळखी. ओग्न्याननं पहिल्या फटक्यात उघडला आणि खुर्ची फिरवून पडदा माझ्याकडे केला.

"मुलीचं रक्त तपासलं. थोडं जास्त आहे. डॉक्टर म्हणतात, उतरेल. आभार. आणि कृपा करून एका माणसानं एकच किल्ली ठेवा हो. कुठली खरी ते शोधताना जीव गेला."

ओग्न्याननं पडदा परत स्वतःकडे वळवला. मग म्हणाला, "उत्तर पाठवूया?"

मी पाठवून पाहिलं. परत आलं.